गाडी सरळ जाते

“या जगात आता सरळ असं काही उरलेलं नाही,” कप्तानांनी गाडीखालून जाहीर केलं. “माणसं नाहीत, विचार नाहीत, रस्ते तर नाहीतच. सगळ्याला एक तिरकेपणा आलाय, आणि त्याचं मूळ…”

मूळ कुठे आहे ते कळण्याआधी त्यांचा सदरा कशात तरी अडकला. थोडा वेळ खालून नुसती खुडबुड ऐकू आली. मग बऱ्याच खालच्या पट्टीत सूचना आली, की सूनबाईंनी पाय धरून ओढावं, पण बेतानं, कारण बटणं नवी आहेत.

सुनेनं पाय धरून ओढलं. कप्तान बाहेर आले, दोन बटणं आतच राहिली.

कप्तान कुठल्या जहाजावर किंवा संघात कधीच नव्हते. त्यांची रोपवाटिका होती. पण पिकअप आवारातून नुसती मागे घ्यायची असली तरी ते समुद्रात निघाल्यासारखे हुकूम सोडत, त्यामुळे गल्लीनं त्यांना हे पद बहाल केलं होतं आणि त्यांनी ते विनातक्रार स्वीकारलं होतं. गेल्या आठवड्यात याच पिकअपनं त्यांनी स्वतःच्याच रोपवाटिकेचा फलक आडवा केला. फलक रस्त्याच्या कडेला होता, दिवस लख्ख होता आणि समोरून कोणी येत नव्हतं. कप्तानांचं म्हणणं एवढंच, की गाडी आपणहून तिकडे गेली.

मुलगा विमा कंपनीत होता. जगातली प्रत्येक वस्तू कशावर तरी आदळायला निघाली आहे, असं समजण्याचाच त्याला पगार मिळे. त्यानं काही आरडाओरडा केला नाही. किल्ली खिशात घातली आणि वडिलांना शांतपणे सांगितलं, की गाडीत दोष निघाला आणि दुरुस्तीनंतर ती सरळ चालली तर किल्ली तुमची. नाही तर यापुढे गाडीला तुम्ही हात लावायचा नाही. डोळे, हात, वय हे शब्द त्यानं उच्चारले नाहीत. ते न उच्चारलेले शब्द कप्तान आठवडाभर जेवणाबरोबर गिळत होते.

म्हणून हा शोध चालला होता, आणि आतापर्यंत त्यात दोन बटणांपलीकडे काही हाती लागलं नव्हतं.

“तुम्ही वर बसा,” सून म्हणाली. “मी खाली जाते. स्टिअरिंग नुसतं डावी-उजवीकडे हलवत राहा.”

“आणि तू काय बघणार?”

“काय हलतंय ते.”

कप्तानांना ही पद्धत फार साधी वाटली, पण सदऱ्याची अवस्था पाहता ते वर जाऊन बसले आणि स्टिअरिंग हलवू लागले. दोनचार हेलकाव्यांत खालून आवाज आला.

“बाबा, इथं एक दांडा आहे. चाकं वळायच्या आधी हाच खुळखुळतोय.”

गॅरेजवाल्यानं येऊन पाहिलं आणि तिच्या म्हणण्यावर शिक्कामोर्तब केलं. हा ट्रॅक बार. एक टोक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दुसरं पुढची चाकं जोडणाऱ्या ॲक्सलला. ॲक्सलनं खड्ड्याबरोबर खुशाल वरखाली व्हावं, पण बाजूला भटकू नये, एवढ्यासाठी तो तिथं आडवा पडलेला असतो. याच्या टोकाचं रबर पार संपलं होतं, त्यामुळे ॲक्सलला मोकळं रान मिळालं होतं. नवा बार आणा, बसवून देतो, असं सांगून तो दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत डोकं घालायला निघून गेला.

कप्तानांनी सुनेच्या केसांत अडकलेला वंगणाचा गोळा रुमालानं काढला. रुमाल पांढरा होता. तो त्यांनी तसाच घडी करून खिशात ठेवला.

सुट्या भागांच्या दुकानात दुकानदारानं काउंटरवर तीन बार मांडले. पहिला कंपनीचा, मूळ गाडीत असतो तसाच, ठरलेल्या लांबीचा. दुसरा आणि तिसरा जाडजूड होते. त्यांची लांबी मधली नळी फिरवून कमीजास्त करता येत होती. कप्तानांनी पहिला उचलला.

“हाच. गाडीला जन्मतः जे मिळालं, तेच तिला मानवतं.”

“पुढून उचललीय का गाडी?” दुकानदारानं विचारलं. “म्हणजे उंच स्प्रिंगा वगैरे टाकल्यात का?”

गाडी उचललेली होती. मुलगा कॉलेजात असताना त्यानं पुढच्या स्प्रिंगा काढून उंच टाकल्या होत्या. कारण शेतीबितीचं नव्हतं, एका मुलीवर छाप पाडायची होती. ती मुलगी आत्ता काउंटरला टेकून उभी होती. त्या वेळी तिला गाडीत चढायला स्टूल लागलं होतं आणि छाप जी पडायची ती स्टुलाचीच पडली होती. लग्न तरीही झालं, हा भाग वेगळा.

“उचललीय,” कप्तान म्हणाले. “मीच घेतली होती करून. तेव्हा रस्ते फार वाईट होते.”

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं. ते काउंटरच्या काचेखालचे नटबोल्ट मोठ्या आस्थेनं न्याहाळत होते.

दुकानदार म्हणाला, मग मूळ लांबीचा उपयोग नाही. गाडी उंच झाली की बार जास्त तिरपा होतो, आणि लांबी तीच राहिली की ॲक्सलला आपल्याकडे ओढून घेतो. म्हणजे तुमची पुढची चाकं इतकी वर्षं एका बाजूला सरकलेलीच असणार. स्टिअरिंग तिरकं धरावं लागत असेल.

तसं धरावं लागत होतं. कप्तानांची समजूत अशी होती, की स्टिअरिंगवरचं बोधचिन्ह कारखान्यातच वाकडं बसवतात, लांबून डौलदार दिसावं म्हणून. ती समजूत त्यांनी दुकानात बोलून दाखवली नाही.

उरलेल्या दोघांतल्या एकाच्या दोन्ही टोकांना नुसते लोखंडी सांधे होते. दुसऱ्याचं चासीकडचं टोक रबराचं होतं. कप्तानांचा हात लोखंडीकडे गेला.

“हा जन्मात झिजायचा नाही,” दुकानदार म्हणाला. “पण प्रत्येक खडा थेट हातात येणार. आवाजही करतो.”

“कणखर आहे,” कप्तान कौतुकानं म्हणाले.

“घरात एक आहे तेवढा पुरे,” सून म्हणाली. “रबराचा द्या.”

दुकानदार हसला. आपण हसलो नाही असं दाखवत कप्तान रबराच्या बारचा बाक तपासू लागले. ॲक्सलच्या मधल्या गोळ्याला घासू नये म्हणून तो थोडा वाकवलेला होता. एवढं सरळ चालवणारी वस्तू स्वतः वाकडी, यावर त्यांना बरंच काही सुचलं. पण सून केव्हाच दुकानाबाहेर पडली होती.

दुपारी गॅरेजवाल्यानं गाडी चारही चाकांवर उभी ठेवूनच बार बसवला. जॅकवर ॲक्सल लोंबकळतो आणि माप चुकतं. दोन्ही बाजूंना चासीपासून टायरपर्यंत टेप लावली, मधली नळी फिरवली, परत टेप लावली. ॲक्सल मुंगीच्या पावलांनी सरकला आणि दोन्हीकडचं अंतर सारखं झालं. मग त्यानं स्टिअरिंगचा दांडाही जुळवून घेतला. बोधचिन्ह सरळ झालं. कप्तानांना ते कसंसंच दिसलं, ओळखीच्या माणसानं मिशी काढल्यासारखं.

चाचणीसाठी मुलानं सकाळीच बायकोजवळ किल्ली देऊन ठेवली होती. तिनं ती सासऱ्यांना दिली आणि स्वतः शेजारी बसली.

गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर कप्तानांनी सवयीनं स्टिअरिंग तिरकं धरलं, तर गाडी उलट्या बाजूला निघाली. इतकी वर्षं ते जिच्याशी झगडत होते ती आता झगडतच नव्हती. त्यांनी मूठ सैल केली. मग बोटं सैल केली. मग हात दोन इंच वर उचलले आणि तसेच धरले. गाडी सरळ जात राहिली.

“बघितलंस?” ते म्हणाले. “बघितलंस का?”

“बघितलं, बाबा.”

गाडी सरळ गेली. पुढे रस्ता वळला, तिथंही ती थोडी सरळच गेली.

सुनेनं दोन बोटं स्टिअरिंगला लावली आणि अलगद वळवलं. कडेची खडी टायरखाली करकरली आणि थांबली. सुनेनं बोटं काढून घेतली आणि बाहेरची झाडं बघू लागली. कप्तान दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, परीक्षेला बसल्यासारखे, उरलेला सगळा रस्ता चालवत आले.

मुलगा कचेरीतून लवकर येऊन रोपवाटिकेच्या दारात उभा होता. त्यानं बायकोकडे पाहिलं.

“बाणासारखी सरळ जाते गाडी,” ती म्हणाली. हे शंभर टक्के खरं होतं.

मुलगा खाली वाकला. बारकडे पाहिलं, उंच स्प्रिंगांकडे पाहिलं, आणि तिथंच थोडा जास्त वेळ वाकलेला राहिला. उठला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

“चुकलं माझं, बाबा,” तो म्हणाला. “किल्ली तुमच्याकडेच राहू दे. पुन्हा मागणार नाही.”

कप्तानांनी मान हलवली. या प्रसंगासाठी त्यांनी आठवडाभर एक भाषण तयार केलं होतं. त्यात तिरकस बोलणं होतं, दाखले होते, आणि शेवटी एक मोठी क्षमा होती. त्यातलं एक अक्षर त्यांना आठवेना. त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, दोनदा थोपटलं, आणि जाऊन रोपांना पाणी घातलं. सकाळी घातलेलंच होतं.

ऊन उतरल्यावर कुंड्या पोचवायच्या होत्या. सुनेनं त्या मागे रचून घेतल्या, दोरी आवळली आणि ड्रायव्हरशेजारच्या जागेवर जाऊन बसली. कप्तान किल्ली घेऊन आले, ड्रायव्हरच्या दारापाशी थांबले, मग बॉनेटला वळसा घालून पलीकडे गेले. खिडकीतून त्यांनी किल्ली तिच्यासमोर धरली.

“तू घे चालवायला.”

“आज?”

“आजपासून.”

तिनं किल्ली घेतली नाही. “बाबा, मी काही बोलले नाहीये. आणि बोलणारही नाही.”

“माहितीये मला,” कप्तान म्हणाले. “म्हणूनच देतोय. मागितली असतीस तर दिली नसती.”

मग त्यांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ आपल्या हातानं मिटली. एखाद्याला वाटलं असतं, की तिनंच त्यांना काहीतरी दिलंय.

गाडी निघाली. सून चांगली चालवत होती, हे त्यांना पहिल्या वळणावरच कबूल करावं लागलं, मनातल्या मनात का होईना. ज्या गाडीत त्यांचा जन्म गेला, तिच्या या बाजूला ते आज पहिल्यांदा बसले होते. इथून रस्ता वेगळा दिसत होता. लोकांची कुंपणं होती, दारातल्या सायकली होत्या, वाळत घातलेले कपडे होते. हे सगळं याच रस्त्यावर होतं तर. वेग वाढला तसा वारा आत आला. त्यांनी काचेचा दांडा फिरवला. फिरवतच राहिले.

“ती वर होत नाही, बाबा,” सून म्हणाली. “कधीच झाली नाही. आई म्हणून तर कान बांधून बसायच्या.”

कप्तानांचा हात थांबला. बायको गाडीत बसली की डोक्यावरून रुमाल घट्ट बांधायची, हे त्यांनी लग्नापासून ती जाईपर्यंत पाहिलं होतं. आपली बडबड ऐकू येऊ नये म्हणून बांधते, अशी त्यांची समजूत होती, आणि म्हणून ते दर वेळी आणखी मोठ्यानं बोलत.

“काही बोलली नाही कधी,” ते म्हणाले.

“नाही.”

रस्ता सरळ होता. गाडीही. कप्तानांनी दांड्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि समोर बघत राहिले.

“जरा हळू घेतेस का?” ते म्हणाले. “कानात वारा जातोय.”