ओडेल पाण्यात होता तेव्हा

गॅल्व्हेस्टन बंदरातून निघालेल्या क्रूझवर दुसऱ्याच सकाळी वर्लीनने नवऱ्याला बिअर पिताना पकडलं. ओडेलने दारू सोडल्याला चार वर्षं झाली होती. लग्नाच्या वाढदिवसाची ही सहल तिने हौसेने ठरवली होती, आणि हा नाश्त्याला अंड्यांबरोबर बिअर घेऊन बसलेला.

“एकच आहे गं,” तो ओशाळून म्हणाला.

“एक? तुझी एक मला चांगली ठाऊक आहे. जा, आज मला तोंड दाखवू नकोस!”

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. ओडेल उठून निघून गेला.

वर्लीननेही मग ठरवलं, शोधायचं नाही. दुपारी ती एकटीच जेवली, डेकवरच्या पोहण्याच्या तलावाकाठी पहुडली, बिंगो खेळली. खोली आवरणाऱ्या जोसेलिनने विचारलं, “साहेब दिसले नाहीत आज?”

“बसला असेल कुठल्या तरी बारमध्ये. येईल भूक लागली की.”

उन्हं कलायला लागली तेव्हा ती कपडे बदलायला खोलीत गेली. ओडेलच्या रक्तदाबाच्या गोळ्या डबीत तशाच होत्या. दिवसभर तो खोलीत फिरकलाच नव्हता हे कळताच ती सुरक्षा अधिकाऱ्याकडे धावली.

सुरक्षा अधिकाऱ्याने कॅमेऱ्याचं चित्रण तपासलं. खालच्या डेकवर ओडेल कठड्यावरून वाकून ओकत होता. जहाज हेलकावलं आणि त्याचा तोल गेला. नाश्त्यानंतर थोड्याच वेळाने.

“मॅडम, तुम्ही आम्हाला सांगायला इतका...” अधिकारी बोलता बोलता थांबला.

जहाज मागे वळलं. तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरं निघाली. लिफ्टमध्ये एक बाई कुरकुरत होती, “आता कोझुमेलचा मुक्काम बोंबलला आपला.” तिला काही बोलायचा हक्क आपल्याला उरला नाही, असं वर्लीनला वाटलं.

अंधार पडायच्या बेताला एका मालवाहू जहाजाला ओडेल सापडला. उन्हाने सोलवटलेला, जेलीफिशने जागोजाग डसलेला, पण जिवंत.

इस्पितळात बातमीदारांनी विचारलं, इतका वेळ तग कसा धरलात? ओडेल घोगऱ्या आवाजात हसला. “बायकोच्या भरवशावर. जरा वेळ दिसलो नाही तर ही घर डोक्यावर घेते. म्हटलं, एव्हाना तिने कप्तानाला मागे फिरवलंच असणार.”

सगळे हसले. वर्लीनने त्याचा हात धरून ठेवला.

घरी आल्यावर तो हेच सांगत सुटला. न्हाव्याकडे, फोनवर, चर्चमध्ये. एका रविवारी पाद्रीबाबांनी तर तिला उभं केलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. परतताना गाडीत तिला राहवेना.

“मी शोधलंच नाही तुला, ओडेल. रागात होते. बिंगो खेळत बसले होते.”

त्याने गाडी कडेला घेतली. “दिवसभर?”

“दिवसभर.”

तो खाली उतरून रस्त्याकडे पाठ करून बराच वेळ उभा राहिला. परत आल्यावर एवढंच म्हणाला, “बिअर मीच प्यायलो होतो.”

त्यानंतर त्याने ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. कुणी विचारलंच तर “देवाची कृपा” म्हणायचा, आणि तिच्याकडे बघायचं टाळायचा.

वर्लीनला मात्र सवय लागली. तो नजरेआड झाला की हाक मारायची. गॅरेजमधून, अंगणातून तो वैतागून ओ द्यायचा. त्या दिवशीची हाक आज मारून काय उपयोग, हे तिला कळायचं, तरी तोंडून निघायचीच.

परवा ती भांडी घासत होती. ओडेल मागच्या दाराशी थांबला.

“टोमॅटोला पाणी घालायला चाललोय,” तो म्हणाला. “कुंपणापाशीच आहे.”