एक दिवस चालू, एक दिवस बंद

“ताई, काकांकडे जरा लक्ष द्या. दाढी करताना मान स्थिर राहत नाही त्यांची. परवा वस्तरा लागता लागता राहिला.”

न्हावी हे सांगत होता तेव्हा माझ्या कडेवर आठ महिन्यांची लेक किंचाळत होती आणि हातातली दुधाची पिशवी गळत होती. “वय झालंय हो बाबांचं,” म्हणून मी चालू लागले. खरं तर मनात आलं, धंदा बसलाय, गप्पांना माणूस हवंय ह्याला.

धंदा सगळ्यांचाच बसला होता. आमच्या गावात कारखाना नाही. आहेत ती निवृत्त सरकारी माणसं: पाणीपुरवठ्यातली, शाळेतली, टपालातली. पहिल्या तारखेला त्यांची पेन्शन जमा झाली की बाजार जागा व्हायचा. पेन्शन फंडाने गुंतवलेले पैसे बुडाले आणि गेले चार महिने पेन्शन निम्मीच येऊ लागली. आधी शिंप्याने मशीन विकलं. मग चपलांच्या दुकानाचं शटर खाली आलं, ते खालीच राहिलं.

बाबा एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात पंप मेकॅनिक होते. त्यांचं मात्र काहीच बदललं नव्हतं. रोज पेपर, टपरीवर चहा, शनिवारी नऊला दाढी, नातीला बिस्किटाचा पुडा.

“बाबा, पुरतं कसं हो तुम्हाला?”

“एकट्याला लागतं किती? आणि मी घरी दाढी करायला लागलो तर न्हाव्याने काय कात्री चावायची? लाइन चालू ठेवावी लागते, बाळा. एकदा कोरडी पडली की पुन्हा पाणी चढत नाही.”

मी हसले. अर्थशास्त्राची पदवी घेतलेली बाई मी. निम्म्या पेन्शनमध्ये पूर्ण खर्च भागतो कसा, हे पुढे विचारलं नाही.

त्या शनिवारी न्हाव्याचा फोन आला. “ताई, साडेनऊ झाले. काका नऊला येतात म्हणजे येतात.”

या वेळी मी त्याचं बोलणं उडवून लावलं नाही. लेकीला उचललं आणि धावत सुटले.

दाराला आतून कडी. “बाबा! अहो बाबा!” शेजारच्या मावशींनी खिडकीतून डोकावून पाहिलं आणि तोंडावर पदर धरला. न्हावी दुकान उघडं टाकून आला होता. तिसऱ्या धक्क्याला कडी निखळली.

बाबा स्वयंपाकघरात ओट्याखाली पडले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे, माझ्याकडेच बघणारे. लेक त्यांना पाहून खुदकन हसली.

“रक्तदाबाची गोळी रोज घेत होते?” दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“रोज,” मी ठामपणे म्हणाले.

बाबांचे कागद आणायला त्यांच्या घरी आले, तर गोळ्यांच्या डब्याखाली एक वही सापडली. पंपघरातल्या नोंदवहीसारखी आखलेली. तारीख, वेळ, सही आणि शेरा. चालू. बंद. चालू. बंद. एक दिवस गोळी, एक दिवस नाही. चार महिने, एकही नोंद न चुकवता. पहिल्या पानावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: ‘मोटरला विश्रांती दिली की दुप्पट टिकते.’

बाबा वाचले. उजवा हात गेला तो गेला.

आता शनिवारी न्हावी घरी येतो. पहिल्यांदा तो म्हणाला, “राहू द्या हो काका.” बाबांनी अशा नजरेने पाहिलं की पुन्हा म्हणाला नाही. ते डाव्या हाताने उशीखालची नोट ओढत राहतात. तेवढा वेळ तो वस्तरा पुसतो, आधीच पुसलेला.

तुमच्याही ओळखीचं कुणी असेल, निम्म्यात भागवणारं आणि वर ‘मला काय धाड भरलीय’ म्हणणारं. आजच जा त्यांच्याकडे. बरे आहात ना, असं विचारू नका; ते हो म्हणतील. प्यायला पाणी मागा. आणि ते आत गेले, की त्यांच्या गोळ्या मोजा.