अर्ध्या किमतीची गाडी

तान योंगफूने आपली चिमुकली विजेची गाडी अर्ध्या किमतीत देऊ केली, तेव्हा वेई सुयिंगच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की हा माणूस आता सूड उगवायला निघालाय.

कारणही तसंच होतं. सतरा वर्षांपूर्वी दोघं चीनमधल्या लिउझोऊ शहरात एकाच गिअर कारखान्यात होती. तो पाळीचा मुकादम, ती तपासणी विभागात. त्याच्या पाळीत बनलेली गिअरपेटीची चारशे झाकणं तिने केसाएवढ्या तड्यासाठी एका सकाळी नापास केली. तानचं मुकादमपण गेलं, ते गेलंच. त्यानंतर कारखान्याच्या वसाहतीत समोरासमोरच्या इमारतींत राहूनही दोघांमध्ये मान हलवण्यापलीकडे काही उरलं नव्हतं.

आता दोघंही निवृत्त होती. सुयिंग मात्र शहराबाहेर गोगलगायीच्या रश्शातल्या शेवयांची पाकिटं भरतात त्या कारखान्यात, पाकिटांचं तोंड नीट बंद झालंय का हे बघायला जायची. एप्रिलच्या पावसात पुलाच्या उतारावर तिची स्कूटर घसरली आणि गुडघा दीड महिना सुजून बसला. तेव्हापासून ती गाडीच्या शोधात होती. नवी घ्यायची ऐपत नव्हती असं नाही, पण पहिली गाडी आपण ठोकणार याची तिला खात्री होती. हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं. तानलाही असणारच.

"चांगली आहे तर विकता कशाला, मिस्त्री?" तिने विचारलं.

"मला आता कुठे जायचं असतं, वेईबाई? तुम्ही बघा. हवं तेवढं बघा."

तिने दोन तास बघितलं. सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहिले, पायाखालची चटई उचलली, नाक लावून वास घेतला. जूनमध्ये नदी रस्त्यावर आली की पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात, हे शहरात शेंबड्या पोरालाही माहीत. पण कुठे चिखल नाही, वास नाही. तान बाजूला प्लास्टिकच्या स्टुलावर बसून चहा पीत होता. त्याने एकदाही गाडीची स्तुती केली नाही. विकणारा माणूस गप्प बसतो याचा अर्थ काय, हे तिला कळेना, आणि तेच तिला सगळ्यात जास्त खटकलं.

संध्याकाळी नदीवरून गळ टाकून परतलेल्या नवऱ्याला, लूला, तिने सगळं सांगितलं. लू म्हणाला, "तुला काही सापडलं नाही ना? मग घे. की न सापडल्याचंच दुःख आहे?"

तिने गाडी घेतली. पहिले आठ दिवस ती गाडी कमी चालवायची आणि ऐकायची जास्त. फुटपाथच्या कडेला दोन झाडांच्या मधल्या फटीतसुद्धा गाडी मावायची, गुडघा दुखत नव्हता, पावसात डोकं भिजत नव्हतं. पण सुयिंगला सुख म्हणून नव्हतं. ब्रेक जरा कुरकुरला की तिला तानचा गप्प चेहरा आठवायचा. खिडकीतून पाहावं तर तो समोरच्या गॅलरीत उभा असायचा. तो झाडांना पाणी घालत असे, पण लक्ष खाली गाडीकडे.

नवव्या दिवशी सकाळी काचांवर आतून दव साचलं होतं. बाहेर कोरडं होतं. सुयिंगने कामावर न येण्याचा निरोप धाडला, लूची हत्यारांची पेटी काढली आणि मागची सीट उचकटली. सीटखालचे दोन स्क्रू गंजलेले निघाले. मग तिने मागच्या दिव्याचं घर उघडलं. तिथे कुणाचं फडकं पोचलं नव्हतं. आत पिठासारखा बारीक पिवळा गाळ वाळून बसला होता आणि त्या गाळात मुगाएवढा एक शंख होता.

स्क्रू, गाळ आणि शंख वर्तमानपत्रात बांधून ती तडक तानच्या दारात गेली. तो चिडेल, नाकारेल, अशी तिने तयारी ठेवली होती. त्याने पुडी उघडून बराच वेळ पाहिलं आणि जोडे घालायला घेतले.

"चला, मो शेठकडे. त्याच्याकडूनच घेतली होती मी. पावसाळी हवेत मला वास यायचा. मुलगी म्हणायची भास आहे, मेकॅनिक म्हणायचा गाडी ठणठणीत आहे."

मो शेठचा जुन्या गाड्यांचा तळ रेल्वेपुलाच्या पलीकडे होता. सुयिंगने आवाज चढवला नाही. टेबलावर कागद पसरला आणि एकेक वस्तू कुठून निघाली ते सांगितलं. मोने शंख बोटावर घेतला आणि हसून विचारलं, "मावशी, तुम्ही कामाला कुठे असता?"

तिने सांगितलं.

"गोगलगायींच्या कारखान्यात. मग शंख माझ्या गाडीतला कशावरून?"

"आमच्याकडे रस्सा पिशव्यांत बंद होऊन येतो," ती म्हणाली. "सहा वर्षांत मी तिथे एक गोगलगाय पाहिलेली नाही. आणि बाहेर याच जातीची पांढरी गाडी उभी आहे, तिचा दिवा तुमच्या माणसाकडून उघडवा. तिथे गाळ निघाला नाही, तर हा कुठून आला ते बोलू. आणि निघाला तर मग अजूनच बोलू."

मोने पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. दिवा उघडायला कुणाला पाठवलं नाही. लिलावातून आलेला माल, आपल्याला काय कल्पना, असं बरंच पुटपुटला, चहा मागवला, आणि दुपारच्या आत गाडी परत घेऊन तानचे पैसे तानला दिले. तानने तिथल्या तिथे सुयिंगचे सुयिंगला दिले.

परत येताना दोघं बसच्या थांब्यावर उभी होती. सुयिंगच्या डोक्यात एक गोष्ट कधीची फिरत होती.

"तुम्हाला संशय होता, तरी मला विकलीत."

"हो."

"मला काही सापडलं नसतं तर?"

"तर माझ्या मनानं मान्य केलं असतं, की गाडीत काही नाही. त्या चारशे झाकणांतली काही मी घरी आणून भिंगाखाली धरली होती, वेईबाई. तडा होता."

हे कौतुक होतं की फसवणूक, हे तिला ठरवता येईना. बस आली तेव्हा ती पुढे बसली, तो मागे. घरी लू ऐकून पोट धरून हसला. ती हसली नाही. त्या माणसाने आपल्या जिवावर स्वतःच्या गाडीची तपासणी करून घेतली, फुकटात, हे तिच्या मनातून जाईना.

ऑक्टोबरमध्ये तिने शोरूममधून नवी, सगळ्यात स्वस्त, फिकट हिरवी गाडी घेतली. तिथला विक्रेता दोन तासांनी खुर्ची आणून बसला होता.

त्यानंतर महिन्याभराने तान दारात आला. त्यालाही पुन्हा छोटी गाडी घ्यायची होती. एक वापरलेली पाहून ठेवली होती, बघायला चलाल का, असं त्याने उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारलं. कुठे जायचं नसलेल्या माणसाला गाडी कशाला, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती गेली. दिवे उघडले, सीट काढल्या, पुठ्ठा अंथरून गाडीखाली झोपली. शेवटी हात पुसत म्हणाली, "चालेल."

तानने लगेच पैसे काढले. स्वतः दारसुद्धा उघडून पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर ती त्याच्या शेजारी बसली होती. तो वसाहतीतल्या पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी बोलत होता. तिला त्यातलं निम्मंही ऐकू आलं नाही. तिचे कान चाकांकडे लागले होते.