शिसं काही हलकं होईना

यंत्राने पुन्हा २०६.५ दाखवलं आणि नेझाहतने हातमोजे काढून भिंतीवर भिरकावले.

अंकाराच्या त्या प्रयोगशाळेत ती तीन महिने एकाच कामाला जुंपलेली होती. युरेनियमच्या जुन्या खनिजातून चिमूटभर शिसं काढायचं आणि त्याचा अणुभार मोजायचा. साधं शिसं म्हणजे हलक्या-जड चार प्रकारच्या अणूंची मिसळ, सरासरी २०७.२. युरेनियमपासून झालेलं शिसं मात्र जवळजवळ सगळं २०६चं, म्हणून आकडा २०६.१च्या आसपास यायला हवा. येत नव्हता. साधं शिसं कुठून तरी आत घुसत होतं.

"अगं मुली, हात तरी धुतेस का?" विभागप्रमुख फेरुह होजा, म्हणजे फेरुह सर, आत येत म्हणाले.

"धुऊन धुऊन सालटं निघायचं बाकी आहे, होजाम."

"मग आम्ल बदल. भिंती पूस." त्यांनी काचपात्रात वाकून पाहिलं, केसांवरून तळवा फिरवला, पात्र उजेडात धरलं. "आमच्या वेळी असला गलथानपणा नव्हता!"

तिने आम्ल बदललं. भिंती पुसल्या. आकडा २०६.६. तिला रडू यायचंच बाकी होतं.

मग होजा मुलीच्या लग्नाला आठवडाभर इझमीरला गेले, आणि आकडा आला २०६.१. दुसऱ्यांदाही तोच. सोमवारी होजा परतले, मिठाई वाटली, पात्रं हाताळली. मंगळवारी २०६.७.

नेझाहत त्यांच्याकडे बघतच राहिली. त्रेसष्टाव्या वर्षी इतके काळेभोर केस?

तिने झाडलोट करणाऱ्या इद्रिसला गाठलं. "इद्रिसदादा, होजा केसांना काय लावतात?"

"मला काय ठाऊक?" तो चहाचा पेला खाली ठेवत म्हणाला. मग हळूच, "बाटली मीच आणतो. रोज थोडं लावायचं, हळूहळू काळे होतात. माझं नाव सांगू नका हं, बाई."

त्याने कचऱ्यातून काढून दिलेल्या रिकाम्या बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, शिशाचा क्षार.

तीन महिने! तिने बाटली नेऊन होजांच्या टेबलावर आपटली. त्यांनी चष्मा लावून अक्षरं वाचली. कानांपर्यंत लाल झाले.

"हे कुणी दिलं तुला?"

"ते सोडा. टोपी घालणार की बाहेर थांबणार?"

"टोपी? या वयात मी माळ्यासारखी टोपी घालू?"

"मग बाहेर."

"मुली, मी तुझा होजा आहे!"

"म्हणून तर तीन महिने भिंती पुसल्या."

दुसऱ्या दिवसापासून होजा काचेच्या दाराबाहेर उभे राहून हातवारे करत सूचना देऊ लागले. केस तसेच काळे. आतलं शिसं एकदाचं २०६.१वर आलं आणि तिथेच राहिलं. होजा बाहेरून काय ओरडतात ते नेझाहतला ऐकू येत नसे. ती मान डोलावायची आणि कामाला लागायची.