मूठ नसलेली मोगरी

मित्रांनो, पंचवटीत नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात सुलाबाईचे घर आहे. त्या घराचे दार उघडे राहावे म्हणून खाली एक लाकडी ठोकळा सारलेला असतो. तो ठोकळा म्हणजे मी. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या अंगठ्याला मी लागते आणि रोज दोन-चार शिव्या खाते. पण मी जन्माने ठोकळा नाही. मी मोगरी होते. ओल्या गोधड्या आणि सतरंज्या ज्या लाकडाने बडवून धुतात, ती मोगरी. मला चांगले रुंद अंग होते आणि धरायला गोल मूठ होती. ती मूठ कुठे गेली, तेच आज सांगायचे आहे.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, एकाहत्तर साली, निवृत्ती सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवले. गिऱ्हाईक होती आक्काबाई. अंगाने वाळकी, पण मनगट पुरुषासारखे. धर्मशाळांच्या सतरंज्या धुऊन देण्याचे तिचे काम होते. तिने एका जुन्या मोगरीचे दोन तुकडे निवृत्तीपुढे टाकले.

"याच मापाची कर."

"दगडावर मोडली का, आक्काबाई?"

"नाय. माझ्या पाठीवर. सासूनं मोडली. लाकूड कच्चं व्हतं. ही मोडायला नको."

निवृत्ती हसला. आक्काबाई हसली नाही. मी तयार झाले तेव्हा तिने मला त्याच्याच फळीवर तीनदा आपटून पाहिले. फळी उभी चिरली. मग ती म्हणाली, "जमली."

आक्काबाईची थाप ठरलेली होती. दोन लागोपाठ, मग एक श्वास थांबून तिसरी, सगळ्यात मोठी. धप, धप... धाड! घाटावर पाठमोऱ्या बसलेल्या बायकाही नुसत्या आवाजावरून ओळखायच्या की आक्काबाई आली. मी हजारो सतरंज्या बडवल्या. यात्रेकरूंची धूळ, तेलाचे डाग, पानाच्या पिचकाऱ्या, सगळे मी पाण्यात सोडले. धर्मशाळेचा दिवाणजी सतरंजी उन्हात धरून म्हणायचा, "आक्काबाईच्या हातची म्हणजे कोरी करकरीत!" मला वाटे, हे कौतुक निम्मे माझे आहे.

पण मला आणखी एक काम होते. ते घरात चाले.

आक्काबाईचा मुलगा फकिरा, आणि फकिराची बायको सुलाबाई. भाकरी करपली, कळशी सांडली, सून हसली, सून हसली नाही, यातले काहीही पुरे होई. आधी दाराची कडी लागे. कडीचा आवाज झाला की सुलाबाई आपण होऊन खाली बसे आणि डोके दोन्ही हातांत घेई. मग दोन थापा, एक श्वास, आणि तिसरी. एकदा तिसऱ्या थापेला तिच्या डाव्या हाताचे हाड मोडले. हाडवैद्याला सांगितले, घाटावर पाय घसरला. सतरंजीवर मारले की पाणी उडते. पाठीवर मारले की आतून एक आवाज येतो आणि तो थेट मुठीपर्यंत पोचतो. तो मी नऊ वर्षे ऐकला. मी लाकूड, मला नाही म्हणता येत नव्हते.

फकिरा त्या वेळी बाहेर ओट्यावर बिडी ओढत बसे. शेजारची नवसाबाई आपल्या दारातून ओरडे, "आक्काबाई, आज घरातच धुणं काढलं का?" मग सगळा बोळ हसे. वाईट माणसे नव्हती ती. सवय झाली होती.

ऐंशी सालच्या सिंहस्थात सतरंज्यांचे ढीग आले. एका सकाळी घाटावर दोन थापा झाल्या आणि बायका तिसरीची वाट पाहत राहिल्या. ती आलीच नाही. आक्काबाई दगडावर ओणवी होऊन गेली होती. माझी मूठ तिच्या बोटांतून सोडवायला चार बायका लागल्या.

दहाव्या दिवशी सगळे रामकुंडावर जमले. पिंडाशेजारी मेलेल्याच्या आवडीची वस्तू ठेवतात. कोणी चहा ठेवतो, कोणी तंबाखू. आक्काबाईला काय आवडत होते, असे गुरुजींनी विचारले तेव्हा सगळ्यांना एकच गोष्ट सुचली. म्हणून मीही भाताच्या पिंडाशेजारी पडून होते.

कावळा आला, भिंतीवर बसला आणि दुसरीकडे पाहू लागला. पिंडाला कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याची काही इच्छा राहिली आहे. नातेवाईक एकेक करून शब्द देऊ लागले.

"आक्काबाई, फकिराला आम्ही बघू."

"आक्काबाई, तुझ्या शेळीला काय कमी पडू देणार नाय."

कावळा जागचा हलेना. ऊन चढले. गुरुजी दर्भाचा कावळा करून तोच पिंडाला शिववावा म्हणून दर्भ शोधू लागले. फकिराचे भादरलेले डोके तापले होते आणि पोटात कावळे ओरडत होते. तो हात जोडून म्हणाला, "आये, तुझी मोगरी अडगळीत टाकणार नाय. तुझ्यासारखीच चालवीन. घाटावर बी आन घरात बी!"

कावळा झेपावला.

"शिवला! शिवला!" म्हणत सगळे उठले आणि जेवायला निघाले. मागे उभ्या असलेल्या सुलाबाईकडे कोणी पाहिले नाही. आणि माझ्या मुठीत काय झाले, तेही कोणाला कळले नाही. तिथे दुसरी एक मूठ आतून वळली. वाळकी, घट्ट. ती मी ओळखली.

तेरावे झाले. पाहुणे गेले. दुपारी फकिराने मला कोपऱ्यातून उचलले. मित्रांनो, तोवर त्याने बायकोवर कधी हात टाकला नव्हता. ते काम आईचे होते. तो अगदी अवघडून उभा राहिला.

"सुले, माझ्या मनात नाय बघ. पन शब्द दिलाय. नाय पाळला तर म्हातारी भूत व्हऊन बसंल."

सुलाबाईने दाराच्या कडीकडे पाहिले.

"तीनच थापा. मग च्या घेऊ," असे म्हणून त्याने कडी लावली.

सुलाबाई खाली बसली. डोके हातांत गेले. फकिराने मला वर नेले, आणि आतली मूठ फिरली. मी त्याच्या हातात गर्रकन वळले आणि त्याच्याच गुडघ्यावर बसले. धप! तो सोडू पाहत होता, पण त्याची बोटे सुटेनात. पुन्हा धप!

"आई गं!" तो ओरडला. हाक अगदी योग्य ठिकाणी पोचली.

एक श्वास गेला. मग घाटावर राहून गेलेली तिसरी थाप आली. धाड! गुडघ्याची वाटी फुटली. फकिरा रक्तात कोसळला आणि मी घरंगळत सुलाबाईच्या पायाशी गेले.

मला वाटले, म्हातारी सुनेला वाचवायला आली. नाही, मित्रांनो. आपले काम दुसऱ्याने हाती घेतलेले तिला खपले नव्हते, एवढेच.

सुलाबाईने डोळे उघडले. समोर नवरा पडलेला, हातापाशी मी. तिने मला उचलले. आजवर तिने मला फक्त पाठीने ओळखले होते. मूठ तिच्या हाताला नवी होती. तिने एक घाव फकिराच्या खांद्यावर घातला. दुसरा पाठीवर. खांद्याचे हाड वाजले. आतली मूठ खूश झाली होती. मारायला मिळाले की तिला लेक काय आणि सून काय, सगळे सारखेच. सुलाबाईचा हात वर गेला आणि एक श्वास थांबला.

तेवढ्यात बोळातून नवसाबाई किंचाळली, "अगं बाई! ही तर आक्काबाईची थाप! म्हातारी आली गं परत!"

भांडी पडल्याचे, माणसे धावल्याचे आवाज आले. सुलाबाईने ते ऐकले आणि खाली पाहिले. फकिराने गुडघा पोटाशी घेतला होता आणि डोके दोन्ही हातांत धरले होते. अगदी ती धरायची तसेच.

तिचा हात वरच राहिला. आतली मूठ मला खाली ओढत होती. सुलाबाई, मोडून वाकड्या जुळलेल्या त्या हाताची साथ घेऊन, मला वर रोखत होती. दोघी सारख्याच ताकदीच्या. एकाच घरात तयार झालेल्या. मध्ये मी. मुठीपाशी काड् असा आवाज झाला आणि मला चीर गेली. जी मोडायला नको म्हणून केली होती, ती मी मोडले. त्याचे मला आजही वाईट वाटत नाही.

सुलाबाईने कडी काढली. बाहेर सगळा बोळ उभा होता. नवसाबाईच्या एका हातात लिंबू होते आणि दुसऱ्या हातात चिमटा. कोणी हसत नव्हते.

"नवसाबाई," सुलाबाई म्हणाली, "इतकी वर्सं आवाज येत व्हता ना तुम्हाला? मग आता आत या. यांना दवाखान्यात न्यायचंय."

नवसाबाईने लिंबू खाली ठेवले आणि आत आली.

पंधरा दिवसांनी निवृत्ती सुताराला बोलावले. त्याने चीर पाहिली. "लोखंडी पट्टी मारून देतो. अजून वीस वर्षं चालंल."

बाजेवरून प्लॅस्टरमधला फकिरा म्हणाला, "मार रे बाबा, पट्टी मार. कावळा शिवलाय! शब्द दिलाय मी."

"शब्द तुम्ही दिला," सुलाबाई म्हणाली. "पाठ माझी व्हती."

मग ती निवृत्तीला म्हणाली, "मूठ कापून टाक."

निवृत्तीने करवत लावली, पण हात चालेना. त्याला भीती वाटत होती. सुलाबाई माझ्याजवळ उकिडवी बसली आणि सासूशी बोलावे तसे हळू बोलली. "आत्याबाई, तुमच्या पाठीवर मोडली व्हती, तेव्हाच नवी करायची नव्हती."

आतली मूठ बराच वेळ तशीच राहिली. मग एकेक बोट सैल होत गेले. ज्यासाठी चार बायकांना जोर लावावा लागला होता, ते तिने आपण होऊन केले. करवत सरळ आरपार गेली.

मूठ चुलीत घातली आणि वर पाण्याचे पातेले ठेवले. प्लॅस्टरमुळे फकिराला अंघोळ करता येत नव्हती, म्हणून अंग पुसायला. फकिराने पाण्यात बोट घातले आणि चटकन ओढून घेतले.

"आईचं पानी असंच कडक असायचं," तो म्हणाला आणि रडू लागला. सुलाबाईने त्यात गार पाणी ओतले, फडके पिळले आणि त्याची पाठ पुसली. खांद्यावर एक आणि पाठीवर एक, असे दोन काळेनिळे वळ अजून होते. ते तिचे होते. तिथे तिचा हात जरा थांबला.

तेव्हापासून मी दाराखाली आहे. दार माझ्यामुळे पुरते लागत नाही. कडी गंजून गेली आहे. सतरंज्या आता सुलाबाई दगडावर आपटून धुते. तिच्या थापेला काही ठरावीक ताल नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आम्हाला जपा. मला जपू नका. फक्त एक करा. तुमच्या बोळात भर दिवसा एखादे दार लागले, कडी वाजली, आणि आतून दोन थापा ऐकू आल्या, तर हसू नका. जाऊन दार वाजवा. तिसरीची वाट पाहू नका.