दशरथचं माप मला घेता आलं नाही

मी एक लाकडी पेटी आहे. पोटात सोळा ठोकळे, झाकणाच्या आत कार्डं ठेवायचा कप्पा आणि बाजूला एक पितळी कडी. दिसायला एवढीच, पण मुलुंड पूर्वेच्या कित्येक आईबापांनी मला ज्योतिष्याला विचारावेत तसले प्रश्न विचारलेत. मुलगा पुढे कोण होणार, हे म्हणे मला कळतं. वीस-बावीस वर्षं हे ऐकून मी पार थकून गेले आहे, म्हणून आज थोडं खरं बोलते.

मला घडवलं दादू सुताराने, घाटकोपरला, सहासष्ट साली. रत्नप्रभाबाई तेव्हा शाळेत शिकवायच्या आणि मुलांचा कल कसा ओळखायचा याचं शिक्षण घेऊन नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी दादूला चित्र काढून दिलं. सोळा सारखे ठोकळे, त्यांच्या काही बाजू लाल, काही पांढऱ्या, काही तिरप्या अर्ध्या-अर्ध्या. कार्डावर एक नक्षी असते, मुलाने ठोकळे जुळवून तशीच नक्षी करायची आणि बाईंनी हातात घड्याळ घेऊन वेळ बघायची. दादूने विचारलं, याने काय होतं? बाई म्हणाल्या, कुणाला कोणतं काम मानवेल याचा अंदाज येतो. रंधा मारता मारता दादू हसला. बाप सुतार म्हणून तो सुतार. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. पण काम त्याने मन लावून केलं, माझा एकही सांधा अजून उघडलेला नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी घरातच कलचाचणी सुरू केली. बाहेरच्या खोलीत पालकांसाठी बाक, आतल्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि मी. आधी मधलं दार साधं होतं. पण मुलगा आत बसला की बाहेर आईचा जीव वर-खाली व्हायचा आणि दर पाच मिनिटांनी दारावर टकटक. शेवटी बाईंनी दाराला काच बसवून घेतली आणि मुलाची खुर्ची दाराकडे तोंड करून मांडली. बाकावरून लेकरू दिसायचं, पण ऐकू काही यायचं नाही. बाईंचा नियमच होता, मुलगा जे बोलेल ते या खोलीबाहेर जाणार नाही.

माणसांची एक गंमत मी इथे पाहिली. उत्तर घरून घेऊन यायचं आणि मग प्रश्न विचारायचा. "डॉक्टर का इंजिनीअर तेवढं सांगा," असं म्हणत लोक यायचे. बाई चार पानी अहवाल लिहायच्या, मुलगा अबोल आहे, त्याला एकट्याने करायची कामं मानवतील, माणसांच्या गराड्यात तो कोमेजेल. बाप ती पानं उलटून शेवटची ओळ वाचायचा आणि म्हणायचा, म्हणजे बँकेत चालेल ना? मुलंही काही कमी नव्हती. तुला चारचौघांत रमायला आवडतं का, असा प्रश्न असला की आधी काचेतून आईकडे बघायची आणि मग उत्तर लिहायची. त्या खोट्या उत्तरांचं ओझं बाईंच्या खांद्यावर चढताना मी बघत होते. चाचणी संपली की त्या डोळे मिटून बसायच्या, मला बंद करायचंही भान राहायचं नाही.

पंच्याऐंशी सालच्या जूनमध्ये, दहावीचा निकाल लागल्यावर, एक मुलगी आली. अनुपमा घाडीगावकर. घाटकोपरच्या भटवाडीतली, एकाहत्तर टक्के मिळालेली. तिच्या वर्गशिक्षिकेने चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. सोबत तिचे वडील होते, दशरथ. पांढरा सदरा, चव्वेचाळीसचं वय, आवाज एवढा मोठा की "नमस्कार बाई" म्हणाला तेव्हा शेजारच्यांनी दार उघडून बघितलं.

दशरथ मूळचा मालवणकडचा. सतराव्या वर्षी मामाने त्याला परळच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटवला. बदलीचा कायम झाला आणि चोवीस वर्षं साचेखात्यात राहिला. साचे म्हणजे कापड विणायचे माग. ब्याऐंशीच्या संपात गिरणीचं दार बंद झालं ते याच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. मग तीन वर्षांत तीन नोकऱ्या झाल्या. मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन होता, तिथे रहिवाशांनी तक्रार केली की हा माणूस ओरडून बोलतो. एका कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी चिकटवायचं काम होतं, तिथे दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसावं लागायचं. ते त्याने स्वतःच सोडलं. अंधेरीला लिफ्टमन म्हणून तीन आठवडे टिकला. चोवीस वर्षं शंभर माणसांत वावरलेल्या माणसाला एकट्याने स्टुलावर बसून राहणं मानवत नव्हतं. आता बायकोच्या, म्हणजे विमलाच्या, भावाने बोरिवलीला पुन्हा वॉचमनचंच काम बघितलं होतं, एक तारखेपासून. दशरथने हो म्हटलं होतं, पण ते किती दिवस टिकेल हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बाईंनी अनुपमाला आत घेतलं आणि दार लावलं. ठोकळे तिने झरझर जुळवले. नक्षीकडे एकदा बघायची, ओठ दाबायची आणि हात चालू. मग प्रश्नांचा कागद दिला तर तिथे गाडी अडली. लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. बाईंनी कागद हळूच काढून घेतला आणि विचारलं, काय झालं गं?

अनुपमा बराच वेळ बोलली. मी टेबलावरच होते, मला सगळं ऐकू आलं. तिने बाईंना सांगितलं की अहवालात टायपिंग आणि स्टेनो जमेल असंच काहीतरी लिहा, म्हणजे आई-बाबांना वाईट वाटणार नाही. वर्षभरात नोकरी लागते. बाबांना आता कुठलंच काम झेपणार नाही, ते कामाला लागतात, गप्प गप्प होतात आणि सोडतात. बोरिवलीचंही तसंच होणार. बाईंनी विचारलं, हे सगळं नसतं तर तू काय केलं असतंस? ती म्हणाली, सायन्स. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीत रंग बदलतो तेव्हा तिला तहान-भूक आठवत नाही.

"पण बाबांना यातलं काही सांगू नका," ती म्हणाली. "त्यांना वाटेल, माझ्यामुळे पोरीचं राहिलं."

बाई काही बोलणार तोच दार उघडलं. दशरथ उंबऱ्यात उभा होता, चेहरा उतरलेला.

"सायन्सचो फॉर्म भरूचो," तो म्हणाला. "बाई, टायपिंग-बियपिंग काय लिहू नका."

अनुपमा पांढरीफटक पडली. बाई तर भडकल्याच. दाराला कान लावून ऐकणं शोभतं का तुम्हाला, असं त्यांनी त्याला तोंडावर विचारलं. दशरथ ओशाळला. त्याने सांगितलं की तो बाकावरून उठलासुद्धा नव्हता, आणि कानांचं म्हणाल तर ते केव्हाच अर्धे गेलेत.

"साच्यात कानाचं काय काम, बाई? तिथे बोंब मारली तरी शेजारच्याला ऐकू येत नाही. तोंडाकडे बघायचं. पोरीचं तोंड समोरच होतं. मला नव्हतं बघायचं, पण सवय जात नाय."

बाईंना ते खरं वाटेना. त्या उठल्या, दार लावून काचेपलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले.

"पाणी नको," दशरथ आतून म्हणाला. "चहा चालेल."

बाई आत आल्या त्या हसत नव्हत्या. त्यांनी अनुपमाला चहा टाकायला सांगितलं आणि दशरथला तिच्या खुर्चीत बसवलं. मला त्याच्यासमोर उघडलं. मला वाटलं, आता माझी पाळी. या माणसाचं भलं कशात आहे ते आता मी दाखवीन.

पहिली नक्षी त्याने केली. दुसरीला वेळ लागला. तिसऱ्या नक्षीत तिरपे ठोकळे होते, तिथे त्याची जाडजूड बोटं अडखळली, कपाळावर घाम आला. वेळ संपला तरी नक्षी अर्धीच. बाईंनी तक्ता काढला, कोणत्या वयाला किती गुण म्हणजे काय अर्थ, ते सांगणारा. तक्ता पंचविसाव्या वर्षापाशी संपत होता. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसालाही कधी असा प्रश्न पडेल, हे तो छापणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नापास ना?" दशरथने विचारलं. "जाऊ दे. बोरिवलीला बसून राहीन. ह्या वेळी नाय सोडणार. पोरगी शिकली म्हणजे झालं."

किती शरम वाटली मला, काय सांगू. एक माणूस पोरीचं शिक्षण वाचवायला स्वतःला स्टुलावर बांधून घ्यायला तयार होता, आणि माझ्या सोळा ठोकळ्यांत त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं. आणि सगळ्यांना कळत होतं की तो दिवाळीपर्यंतही टिकणार नाही, आणि अनुपमाला टायपिंगच्या क्लासला जावं लागणार.

बाईंनी तक्ता बाजूला सारला. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, सुलक्षणा, घाटकोपरच्या मूकबधिर मुलांच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. तिथे हस्तकलेच्या वर्गाला हातमागावर आसनं आणि पट्ट्या विणायला शिकवणारा माणूस हवा होता. दोघेजण येऊन सोडून गेले होते, न बोलणाऱ्या मुलांत दिवस काढवत नाही म्हणून. बाईंनी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली. दशरथने ती दोनदा वाचली आणि विचारलं, मी चौथी शिकलेला माणूस, मला शाळेत कोण घेणार? बाई म्हणाल्या, तुम्ही जाऊन फक्त मुलांसमोर बसा.

पुढचं मला सुलक्षणाबाईंच्या तोंडून कळलं. त्या महिन्याभराने आल्या आणि बोलता बोलता हसू आवरेना त्यांना. नियमाप्रमाणे सातवी पास हवा होता, म्हणून त्यांनी दशरथला नुसता महिनाभर ये म्हटलं होतं. हा माणूस पहिल्या दिवसापासून मुलांसमोर उकिडवा बसायचा, चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर आणून. रतन नावाची नऊ वर्षांची मुलगी होती, आधीच्या शिक्षकाला चावलेली. तिच्याशी तो पहिले तीन दिवस फक्त ओठांनी बोलला, साच्यावरच्या खुणांनी बोलला. चौथ्या दिवशी ती त्याच्या शेजारी बसून मागावर आडव्या सुताचा धोटा टाकायला लागली. दशरथ मोठ्याने बोलतो अशी तक्रार तिथे कोण करणार?

आणि साच्यावरच्या त्या खुणा. गिरणीत साहेब फिरतीवर आला की कामगार ओठावर मिशीसारखं बोट फिरवून एकमेकांना सावध करायचे. सुलक्षणाबाई वर्गात शिरल्या की पोरं ओठावर बोट फिरवून भराभर कामाला लागतात, हे त्यांच्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले. त्याच दिवशी त्यांनी समितीशी भांडून दशरथला कायम करून घेतलं.

अनुपमाने सायन्सला नाव घातलं. बोरिवलीचं स्टूल दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. विमलाचा भाऊ काही दिवस फुगून बसला होता, मग आपणच बोलायला लागला. दशरथ अधूनमधून बाईंकडे येऊन जायचा. एकदा बाईंनी विचारलं, कसं वाटतं काम? तो म्हणाला, "दमायला होतं, बाई. पण घरी गेल्यावर सांगायला काहीतरी असतं."

मी मात्र त्या दिवसानंतर मनाने उतरले. मुलं येत राहिली, ठोकळे जुळत राहिले, तक्त्यात गुण पडत राहिले. प्रत्येक मुलाच्या वेळी मला वाटायचं, याचं जे खरं आहे ते माझ्या कप्प्यात नसलं तर? बाईंनाही तेच वाटत असावं. त्या घड्याळापेक्षा मुलाच्या तोंडाकडे जास्त बघायला लागल्या. मग त्यांची नजर अधू झाली, आणि गेल्या वर्षी, एकोणनव्वदच्या पावसाळ्यात, त्यांनी चाचण्या बंद केल्या. भाचीकडे नाशिकला जायचं ठरलं. पुस्तकं ग्रंथालयात गेली, टेबल शेजाऱ्यांनी नेलं, आणि मला न्यायला दशरथ आला. ठोकळे शाळेतल्या लहान मुलांना खेळायला होतील म्हणाला.

आता मी त्या हस्तकलेच्या खोलीत असते. तीन ठोकळे हरवलेत, एकाचा लाल रंग चोखून चोखून गेला आहे. माझी घरं होतात, भिंती होतात, कधी नुसताच ढीग होतो. मी दमलेली आहे, पण तक्रार नाही. तुमच्या घरी दहावीतलं मूल असेल तर एवढंच मागते, माझ्यासारख्या एखाद्या पेटीसमोर त्याला जरूर बसवा, पण तिने काही सांगितलं नाही म्हणून त्याच्यात काही नाही असं ठरवू नका. ती चूक मी केली आहे.

बाईंचं घर सोडतानाचं एक सांगायचं राहिलं. दशरथने मला काखेत घेतलं, बाईंना वाकून नमस्कार केला. अनुपमा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, केमिस्ट्री घेतलंय, हे त्याने दोनदा सांगितलं. मग तो निघाला. बाई मागून म्हणाल्या, जपून, जिना ओला आहे. तो चालत राहिला. त्यांनी पुन्हा, चांगलं मोठ्याने हाक मारून सांगितलं. तो दोन पायऱ्या उतरला, तेवढ्यात त्याचा पाय सरकला, कठड्याला धरून तो वळला, तेव्हा त्याला बाईंचा चेहरा दिसला आणि आपलं गुपित फुटल्याचं कळलं.

"कान गेले, बाई," तो म्हणाला. "गेल्या दिवाळीपासून काहीच ऐकू नाय येत. शाळेत अजून कोणाच्या ध्यानात आलं नाय." मग मला काखेत नीट धरत म्हणाला, "सुलक्षणाबाईंना सांगू नका."

बाई दारात उभ्या होत्या. त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, कारण त्यांनी आवाज काढलाच नव्हता. दशरथने मान डोलावली आणि मला सांभाळत तो जिना उतरू लागला.