कुलूपबंद संडासावरचा निबंध

घानातल्या त्या खाडीकाठच्या गावात सार्वजनिक संडास कधीच बांधून झाला होता. पण मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन व्हायचं होतं, म्हणून त्याला कुलूप होतं आणि गाव पूर्वीसारखंच समुद्रावर जात होतं. जिल्हा कचेरीतल्या झिफाने नेमकं हेच लोकधोरणाच्या फुकट ऑनलाइन अभ्यासक्रमात लिहून पाठवलं. तिथे निबंध निनावी असतात आणि विद्यार्थीच एकमेकांचे तपासतात. आपला निबंध परदेशात कुठेतरी जाणार, या भरवशावर ती होती.

एका सकाळी कचेरीचे प्रमुख आग्बेन्येगा साहेबांनी तिला आत बोलावून दार लावलं.

"झिफा, तो अभ्यासक्रम मीही करतोय. बाहेर बोलू नकोस. हे बघ काय तपासायला आलंय!"

पडद्यावर तिचाच निबंध होता. घर तिच्या या नोकरीवर चालत होतं.

"कोण गं हा दीडशहाणा?"

"राजधानीतला, आक्रातला असेल कुणी, साहेब."

"आक्रावाल्याला आपल्या कुलपाचा हिरवा रंग कसा ठाऊक? बस इथे, मार्क तू दे. तुझं इंग्रजी बरं आहे."

झिफाने स्वतःला नापास केलं.

साहेब दचकले. "अगं, वेडी की काय! नापास झाला तर पुन्हा लिहील तो, आणखी खोलात शिरून! पास कर!"

तिने स्वतःला पैकीच्या पैकी दिले.

"छान," साहेबांनी घाम पुसला. "आता तो कोण, ते तूच शोधून काढ. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही."

"हो साहेब," झिफा म्हणाली.